कायनो सुतेरची पापणी

कापतोरा गावाचा पाण्याचा मोठा पाट कड्यावर ज्या जागी अधांतरी होतो, तिथे दुरुस्तीला कायनो सुतेर उतरतो. खडकाच्या फटींत खुंट ठोकलेले, खुंटांवर ओंडके, ओंडक्यांवर फांद्या आणि गवत, त्यावर चिखलाचं लिंपण. असा तो पाट कड्याला चिकटून पुढे जातो आणि खाली थेट केरियो नदीचं खोरं दिसतं. दरड कोसळली की ओंडके निसटतात. मग पाटाचे सगळे वाटेकरी जमतात, दोर आणतात आणि कायनोकडे बघतात. तो साठीला आला आहे, डावा गुडघा नीट दुमडत नाही. तरी तोच उतरतो. त्याच्याऐवजी मी जातो, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही, आणि तो वर आल्यावर कोणी त्याच्या पाठीवर थाप मारत नाही.

पाण्याच्या पाळ्या चिंचेच्या झाडाखाली ठरतात. बुंध्याशी कायनोच्या वयाचे लोक बसतात, त्यांच्यामागे धाकटे. कायनो धाकट्यांच्याही मागे, शेळ्या बांधतात त्या बाजूला बसतो. तो तिथे बोलत नाही. बोललाच, तर ते ऐकलं असं धरत नाहीत.

याचं कारण गावातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याच्या वयाची मुलं पुरुष झाली त्या पहाटे ती एका रांगेत उभी होती आणि सुंतेची सुरी एकेकाजवळ येत होती. म्हातारी माणसं सुरीकडे बघत नव्हती, चेहऱ्यांकडे बघत होती. मुलानं समोरच्या डोंगरावर नजर लावायची आणि ती तिथेच ठेवायची. हलायचं नाही. कायनोच्या डाव्या हाताला किबोर येगो उभा होता. किबोरचं झालं, तो दगडासारखा राहिला. मग कायनोचं झालं आणि कायनोची पापणी मिटली. तोंडातून आवाज नाही, पाय हलला नाही, फक्त पापणी. त्या दिवशी सगळ्यांच्या गळ्यात सिनेंदेतच्या वेलीची माळ पडली. त्याच्या पडली नाही.

पुढे त्याचं लग्न झालं ते कड्यावरच्या दूरच्या गावातल्या मुलीशी, जिच्या कानावर हे गेलं नव्हतं. पहिली मुलगी झाल्यावर तिला कळलं. ती बाई आयुष्यभर त्याबद्दल एकदाच बोलली, शेळी हरवल्यावरून झालेल्या भांडणात. "मीट आता डोळे," एवढंच म्हणाली. ती जाऊनही बरीच वर्षं झाली. मुलगी सासरी इतेनला असते.

इतकी वर्षं कायनो एका समजुतीवर जगला. ती त्यानं कोणाला सांगितली नव्हती. तो दिवस भरण्याआधी जन्मला होता, त्याची कातडी पातळ आहे, असं आजी म्हणायची. म्हणजे त्याला लागलं तेवढं इतरांना लागलंच नसणार. किबोरला झालं ते काटा टोचल्यासारखं, त्याला झालं ते वेगळंच. इतर शूर नव्हते आणि तो भित्रा नव्हता. त्याच्या वाट्याला जास्त आलं होतं, एवढाच फरक.

त्याच्या बहिणीचं, जेमायोचं, शेंडेफळ किप्याटिच यंदा सुरीखाली जाणार होतं. आधल्या दिवशी मुलाच्या डोक्याला लोणी चोळायचा मान आईच्या भावाचा. जेमायोला सख्खा भाऊ एकच. तरी थोरल्या दोघांच्या वेळी लोणी तिच्या चुलत भावांपैकी कोणीतरी चोळलं होतं आणि कायनो त्या दिवशी पाटावर काम काढून तिकडेच राहिला होता. या वेळी त्याला ते हवं होतं. पुढे भाचा उरणार नव्हता.

*

जेमायोची मुलगी जेलागात एल्दोरेत शहरातल्या एका इस्पितळात संशोधनाचं काम करते. आकड्यांचा अर्थ लावते. कोरड्या दिवसांत ती गावी आली आणि तिनं चिंचेखाली वडीलधाऱ्यांपुढे उभं राहून काम सांगितलं. बाईनं तिथे उभं राहणं नेहमीचं नव्हे, पण इस्पितळाचा माणूस म्हणून चाललं.

"तुमच्याकडचे पुरुष दवाखान्यात उशिरा येतात," ती म्हणाली. "आले तरी दुखत नाही म्हणतात. डॉक्टरला तर तुम्ही सांगाल त्यावरच ठरवायचं असतं. म्हणून आम्हाला बघायचंय, आत काय होतं आणि बाहेर काय सांगितलं जातं."

"आत काय होतं ते कळून तू काय करणार?" किबोर येगोनं विचारलं. तो आता चिंचेखालचा मुख्य होता. त्याचा धाकटा भाऊ पोटातलं आतडं फुटून गेला होता. पडेपर्यंत शेळ्यांमागे होता. कण्हला नाही, असं किबोर कधीकधी सांगायचा आणि मग दुसरंच काही काढायचा.

"काका, असं बघा. वर झरा, खाली शेत, मध्ये पाट. झऱ्याला पाणी वाढलं की शेत जास्त भिजतं, ते दिसतंच. पण त्यातलं पाटानं किती आणलं आणि जमिनीतून परस्पर किती झिरपलं? तेवढंच आम्ही वेगळं काढतो. झरा म्हणजे आम्ही हाताला देतो तो चटका. शेत म्हणजे केवढं भाजलं ते तुम्ही सांगता ते. मधला पाट म्हणजे मेंदू. यंत्र त्या पाटात पाणी किती वाहतंय ते टिपतं."

हे लोकांना लगेच पटलं. पाटाचं बोलणं इथे कोणाला समजावावं लागत नाही.

"आणि कोणी मधेच पाट फोडून पाणी आपल्या ज्वारीकडे वळवलं तर?" मागून कोणीतरी विचारलं, आणि सगळ्यांची तोंडं चेलांगा नावाच्या एका माणसाकडे वळली.

"एकदाच झालं होतं ते," चेलांगा म्हणाला. "आणि ते खेकड्यानं केलं होतं."

"खेकड्याला फावडं कोणी दिलं?"

हसणं थांबेपर्यंत जेलागात उभी राहिली. "आम्हालाही त्याचीच भीती," ती म्हणाली. "न मोजलेलं काहीतरी मधे शिरतं आणि आम्हाला वाटतं, पाटच बिघडला."

इस्पितळात जाणाऱ्यांची नावं किबोरनं सांगितली. कायनोचं त्यात नव्हतं. मग कायनो शेळ्यांच्या बाजूनं उठून म्हणाला, "मी पण जातो."

"जा की," किबोर म्हणाला. "तिथे डोळे मिटले तरी चालतं म्हणे."

घरी कायनोनं भाचीला गाठलं. "माझ्या आत इतरांपेक्षा जास्त भाजतं की नाही, हे त्या यंत्रात दिसेल ना?"

"दिसेल, मामा, पण सगळ्यांचं मिळून. एकट्याचं नाही."

त्यानं पहिला शब्द ऐकला. पुढचे त्याच्या कानांवर पडले, आत गेले नाहीत.

*

एल्दोरेतला त्यांना एकेक करून थंड खोलीत नेलं. पट्ट्याचं बक्कल, खिशातला चाकू, सगळं लोखंड बाहेर ठेवायला लावलं. यंत्र म्हणजे आडवी पोकळी, मधमाश्यांसाठी झाडावर बांधतात त्या पोखरलेल्या ओंडक्यासारखी. कायनोला त्यात सरकवलं. डाव्या हातावर छोटी चकती बांधली, उजव्या तर्जनीखाली एक चाक दिलं. चाक फिरवलं की डोळ्यांसमोरच्या रेघेवर खूण सरके. एक टोक म्हणजे काही नाही, दुसरं म्हणजे सहन होत नाही. काचेपलीकडचा माणूस त्यांच्याच खोऱ्यातला होता. तो त्यांच्याच बोलीत म्हणाला, "हलू नका. डोकं जरा हललं तरी सगळं वाया जातं. अजिबात हलू नका."

यंत्र पत्रा बडवल्यासारखं वाजू लागलं. चकती तापली. कायनो हलला नाही, पापणीही त्यानं रोखून धरली. फक्त बोट चाकावर फिरवत राहिला आणि जेवढं भाजत होतं तेवढ्यावर खूण नेऊन ठेवली. चकती अधिक तापली की खूण पुढे, निवाली की मागे. कमी सांगून त्याचा काही फायदा नव्हता. त्याला साक्ष हवी होती आणि ती खरी हवी होती.

बाहेर बाकावर चहा होता. किबोर बशीत ओतून पीत होता.

"हा चहा जास्त गरम आहे," किबोर म्हणाला.

"मला तर झोप लागत होती," चेलांगा म्हणाला. "तुझं काय रे, कायनो?"

"भाजत होतं."

मग चेलांगा म्हणाला, "याला दूध जास्त घाला, तोंड भाजेल," आणि सगळे हसले. कायनोनं चहा प्याला.

*

जेलागात परत आली ती किप्याटिचच्या विधीच्या थोडी आधी. जेमायोच्या अंगणात नाचणीचा गोळा आणि पालेभाजी खाताना कायनोनं विचारलं, "काय निघालं?"

"परवा चिंचेखाली सगळ्यांना सांगायचंय, मामा. तोपर्यंत कोणालाच नाही."

"माझं सांग."

"एकाचं सांगताच येत नाही. ही पद्धत एकट्या माणसाबद्दल काही बोलत नाही. एका माणसात वरखाली फार असतं. खूप जणांचं एकत्र केलं की मग त्यातून काहीतरी दिसतं."

"पाट फुटला तर मी जाऊन बघतो, कुठे फुटला. सगळ्या पाटांचं मिळून बघत नाही."

"तुम्ही पाटाला हात लावू शकता." तिनं हात धुतले. "आमच्या आकृतीत प्रत्येक माणसाचा एक ठिपका असतो, त्यातला एक बाकीच्यांपासून फार लांब पडलाय. साहेब म्हणाले, काढून टाक, चित्र बिघडतं. मी म्हटलं, ठेवून एकदा आणि काढून एकदा, दोन्ही दाखवू."

कायनो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या लक्षात आलं की आपण हेही बोलायला नको होतं, आणि ती भांडी घेऊन आत गेली. कायनोला मात्र हवं ते मिळालं होतं. लांब पडलेला ठिपका. जास्त भाजणारा माणूस. घरी जाऊन त्यानं मधाच्या बुधल्याशेजारी ठेवलेलं लोणी उघडून बघितलं, वास येत नाही ना.

*

चिंचेखाली त्या दिवशी गर्दी होती. जेलागातनं कागद काढला नाही, तोंडीच सांगितलं.

"चटका वाढवला तसं तुमच्या मेंदूच्या पाटात पाणी वाढलं. सगळ्यांचं. इतर ठिकाणच्या माणसांचं जेवढं वाढतं तेवढंच. झऱ्यापासून पाटात पाणी नीट येतं. पण पाटातून शेतात जात नाही. मेंदूत वाढलं तरी बोटानं खूण पुढे नेली नाही. पाटाचा खालचा निम्मा भाग जवळजवळ कोरडा आहे."

कायनो पुढे झुकला. "सगळ्यांचं सारखंच वाढलं?" त्यानं विचारलं. तो बोलला याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

जेलागातनं मात्र त्याच्याकडे बघून उत्तर दिलं. "आत कोणाचं फार जास्त आणि कोणाचं फार कमी, असं दिसलं नाही. फरक पडला तो सांगण्यात."

कायनोनं शेळीचा दोर हातात घेतला आणि तसाच धरून बसला. म्हणजे किबोरलाही तेवढंच. पातळ कातडी नाही, दिवस भरण्याआधीचा जन्म नाही. लांब पडलेला तो ठिपका जास्त भाजण्याचा नव्हता, खरं सांगण्याचा होता. त्या पहाटे रांगेत सगळ्यांना तेवढंच लागलं होतं आणि त्यांनी समोरच्या डोंगरावर नजर ठेवली होती.

चिंचेच्या बुंध्याशी मात्र लोक खुश झाले. "हे सांगायला यंत्र कशाला हवं होतं?" एक म्हातारा म्हणाला. "दुखतं सगळ्यांनाच. न दुखणाऱ्याला शूर कोण म्हणेल? दगडाला?"

"आणि तुमच्याच माणसानं सांगितलं होतं," किबोर जेलागातला म्हणाला. "हलू नका, अजिबात हलू नका, असं. आमच्या बोलीत. आम्हाला हे आधी एकदा सांगितलं गेलंय. मग बोट तरी कोण हलवणार?"

बरेच जण हसले. जेलागात हसली नाही. "डोकं हलवू नका, असं म्हणायचं होतं," ती हळू म्हणाली. "बोटाबद्दल नव्हतं ते." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हणजे पाट मधे आम्हीच अडवला."

"पण तिथे गेलेल्यांपैकी कोणी सांगितलं का खरं?" मागच्या एका तरुणानं विचारलं. "एकानं तरी?"

"कोणी काय सांगितलं ते मला बोलता येत नाही. तसा शब्द दिलाय."

"मी सांगितलं," कायनो म्हणाला.

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. तो उभा होता. "पोरीनं म्हटलं होतं, जेवढं वाटेल तेवढं. मी तेवढं सांगितलं. मला वाटत होतं, माझ्या आत जास्त आहे म्हणून निघेल. ते निघालं नाही. तुम्हाला होतं तेवढंच मला होतं. तेव्हाही." त्यानं हातातला दोर सोडला. "जेमायोच्या मुलाला लोणी मला चोळायचंय. ते मागायला आलो होतो. आता कशाच्या आधारावर मागू, ते मला माहीत नाही."

तो खाली बसला.

"लोणी चुलत भाऊच चोळेल," किबोर म्हणाला. "रीत ती रीत."

कायनोनं मान हलवली.

"पण नंतर मुलं झोपडीत पडून असतात, जखम भरेपर्यंत. मागे चेपकोंगाचा मुलगा तिथेच दगावला. जखम सडली होती आणि तो शेजारच्याला गाणी शिकवत होता. कोणाला कळलं नाही. पहारा करणारे सगळे माळवाले होते, त्यांच्यापुढे कोण बोलणार?" किबोरनं कायनोकडे बोट केलं. "या वेळी झोपडीत हा बसेल."

"हा?" एकजण म्हणाला. "मुलांसमोर? त्यांनी याच्याकडून काय घ्यायचं?"

"घ्यायचं काही नाही. याच्यासमोर कोणाला कसली लाज वाटणार आहे?"

हा अपमान होता की मान, हे तिथे कोणालाच सांगता आलं नसतं, बहुधा किबोरलाही नाही. कायनो म्हणाला, "बसतो."

उतारावर परतताना त्यानं किबोरला गाठलं. "त्या दिवशी तू माझ्या डाव्या हाताला होतास," तो म्हणाला. "तुलाही..."

किबोर चालत राहिला. "वरच्या वळणावर दोन ओंडके कुजलेत," तो म्हणाला. "मुलांचं आटोपलं की बदलायला हवेत."

*

लोणी चुलत भावानं चोळलं. कायनो या वेळी पाटावर गेला नाही, अंगणाच्या कडेला उभा राहिला. दुसऱ्या पहाटे किप्याटिच हलला नाही, त्याच्या रांगेतलं कोणीच हललं नाही.

झोपडीत कायनो दाराशी बसू लागला. त्यानं एक सोललेली काठी आणली होती. "हे टोक म्हणजे काही नाही," त्यानं मुलांना सांगितलं. "ते टोक म्हणजे सहन होत नाही. दुखतं तेवढ्यावर बोट ठेवा." काठी हातोहात फिरली. सगळ्यांची बोटं एकाच टोकाला पडली. किप्याटिच तर हसून म्हणाला, "काही नाही, मामा."

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. काठी घेऊन तो दाराशी विचार करत बसला. मग म्हणाला, "सगळे भिंतीकडे तोंड करून पडा. हात पाठीमागे. एकमेकांकडे बघायचं नाही. मीही तुमच्या तोंडाकडे बघणार नाही. आणि इथे हलायला परवानगी आहे."

कोणीतरी हसलं, पण वळले सगळे. कायनो गुडघा सांभाळत एकेकाच्या पाठीशी गेला आणि काठी हातात दिली. पहिल्याचं बोट टोकाला. दुसऱ्याचं टोकापासून जरासं पुढे. तिसऱ्याचं तेवढंच. किप्याटिचनं काठी घेतली, बोट टोकाला ठेवलं आणि तसंच राहू दिलं. कायनो थांबला. दोर धरून पाटाच्या तोंडाशी पाण्याची वाट बघताना तो असाच थांबतो, घाई न करता. बोट सरकू लागलं. मध्यापर्यंत गेलं आणि तिथून आणखी पुढे गेलं. मुलाचा हात तापलेला होता.

कायनोनं काठी परत घेतली, मुलाच्या पाठीवर काही क्षण हात ठेवला आणि बाहेर येऊन पहारेकऱ्याला सांगितलं, "दवाखान्यातल्या पुरुष नर्सला घेऊन ये. विचारलं कोणी पाठवलं, तर माझं नाव सांग."

पहारेकरी त्याच्याकडे बघत क्षणभर उभा राहिला आणि मग उतारानं निघाला. कायनो आत गेला. अजून दोन मुलांना विचारायचं राहिलं होतं.